हैदराबादचा निकाल, रीटा फारिया आणि सत्तरी तालुक्यातल्या मुलीचं उत्तर

अबोली
१ जून २०२५, रात्री ९.४०

काल हैदराबादला मिस वर्ल्डची अंतिम फेरी झाली. थायलंडची ओपल सुचाता जिंकली. इथिओपियाची हॅसेट देरेजे दुसरी, पोलंडची माया क्लायदा तिसरी, मार्टिनिकची ओरेली जोआकिम चौथी. आपली नंदिनी गुप्ता पहिल्या विसांत पोचून थांबली. त्यावर सकाळपासून मोबाइलवर जे काही फिरतंय ते वाचून मन खट्टू झालं. घरच्या अंगणात हरलो म्हणे, नाक कापलं म्हणे. १०८ देशांच्या मुलींत पहिल्या विसांत येणं म्हणजे नाक कापणं कसं, ते मला तरी कळत नाही.

पण धागा काढला तो वेगळ्या कारणासाठी.

माझी एक जुनी विद्यार्थिनी शनिवारी आमच्याकडे फोंड्याला मुक्कामाला होती. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरची, आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. उंच, सावळी, खो-खोत तिच्यासारखा पाठलाग करणारी मुलगी मी आमच्या शाळेत दुसरी पाहिली नाही. एप्रिलमध्ये तिने एका स्थानिक सौंदर्यस्पर्धेच्या निवडफेरीत नाव दिलं होतं. चालून दाखवलं, ओळख करून दिली, सगळं नीट झालं. मग प्रश्न आला: तुझ्या गावाबद्दल एक अशी गोष्ट सांग जी जगाला कळायला हवी. प्रश्न तिला समजला होता. तिने विचारलं, मराठीत किंवा कोंकणीत बोलले तर चालेल का? समोरून उत्तर आलं, नाही, पुढे सगळं इंग्रजीतच असतं, सवय करून घे. तिने कशीबशी तीन वाक्यं जुळवली आणि खाली उतरली. हीच मुलगी दहावीत असताना म्हादई नदीच्या विषयावर न थांबता पाच मिनिटं बोलली होती. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तेव्हा गप्प बसली होती.

काल मुकुट चढवताना बाहेर पाऊस धो धो पडत होता, यंदा तो मे महिन्यातच आला. टीव्हीकडे बघत ती मला म्हणाली, "बाई, ह्यांतल्या कितीजणींच्या घरात इंग्रजी बोलत असतील?"

मला उत्तर देता आलं नाही आणि रात्रभर तोच प्रश्न डोक्यात राहिला. 'पुढे सगळं इंग्रजीतच असतं' हे मुळात खरंच नाही. मिस युनिव्हर्सला व्हेनेझुएला, कोलंबिया, मेक्सिकोच्या मुली वर्षानुवर्षं स्पॅनिशमध्ये उत्तरं देत आल्यात. शेजारी दुभाषी उभा असतो. एकट्या व्हेनेझुएलाचे सात मुकुट आहेत. जगाच्या मंचावर जी मुभा मिळते ती आमच्या तालुक्याच्या मंचावर का मिळू नये?

जाणकारांनी लिहावं. निकाल नेमका कसा लागतो, बोलण्याला किती वजन असतं, आणि ह्या मुलीने आता काय करावं. तिने परत नाव द्यायचं नाही असं ठरवलंय. मला ते पटत नाही.

निकालवही
१ जून, रात्री १०.५५

अबोलीताई, मी कित्येक वर्षं ह्या स्पर्धांच्या नोंदी वहीत ठेवतो, म्हणून आधी कालच्या निकालाबद्दल लिहितो.

मिस वर्ल्डमध्ये आता खंडांप्रमाणे वाटा असतो. चार गट: आफ्रिका, अमेरिका आणि कॅरिबियन, युरोप, आशिया आणि ओशनिया. काल प्रत्येक गटातून १० अशा ४० जणी घेतल्या, मग प्रत्येकी ५ म्हणजे २०, मग प्रत्येकी २ म्हणजे ८, आणि शेवटी प्रत्येक गटाची एक. म्हणजे नंदिनीची झुंज पोलंडशी किंवा इथिओपियाशी नव्हतीच. तिला आशियातल्या दोघींत यायचं होतं, आणि त्या दोन जागा थायलंड आणि फिलिपिन्सने घेतल्या. ह्या दोन्ही देशांत सौंदर्यस्पर्धा आपल्याकडच्या क्रिकेटसारख्या पाहिल्या जातात. नंदिनी त्याआधी टॉप मॉडेल फेरीत आपल्या खंडात पहिली आली होती, त्यामुळे चाळिसांत तिची जागा आधीच पक्की होती. हरली कसली?

आता ओपलबद्दल. ही मुलगी काल अचानक उगवलेली नाही. मागच्या नोव्हेंबरात मेक्सिको सिटीला मिस युनिव्हर्समध्ये ती चौथी आली होती. सोळाव्या वर्षी छातीत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून ती स्तनाच्या कर्करोगाबद्दल बोलत आली आहे. मंचावर उभी राहून ती जे बोलते ते तिच्या अंगावरून गेलेलं असतं. थायलंडला मिस वर्ल्डचा हा पहिलाच मुकुट.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ह्यातच आहे असं मला वाटतं. चेहरा आणि चाल मुलीला आठांपर्यंत नेतात. शेवटच्या चौघी सगळ्याच देखण्या असतात. तिथे पाहतात ते, हिच्याकडे सांगण्यासारखं काही आहे का.

स्पष्टवक्ती
२ जून, सकाळी ७.२०

मी मनापासून विरोधात आहे, आणि ते इथे लिहायलाच हवं. सत्तरीच्या मुलीला तिथे कशाला ढकलता, बाई? उंचीची अट, कमरेचं माप, गोरेपणाचा सोस. आमच्याकडे स्थळ बघायला येतात तेव्हा जे करतात तेच, फक्त तिकीट लावून.

१९९६ साली बेंगळुरूला मिस वर्ल्ड झाली तेव्हा मी कॉलेजात होते. देशभर मोर्चे निघाले, आणि पोहण्याच्या पोशाखाची फेरी शेवटी सेशेल्सला नेऊन उरकावी लागली. तेव्हा ओरडणाऱ्यांना मागासलेल्या म्हटलं गेलं. पुढे २०१४ च्या शेवटी आयोजकांनी स्वतःच ती फेरी बंद केल्याचं जाहीर केलं. आणि आताचंच बघा. मिस इंग्लंड मिला मॅगी गेल्या महिन्यात हैदराबादची स्पर्धा अर्ध्यावर सोडून परत गेली. प्रायोजकांच्या टेबलावर बसवून त्यांची करमणूक करायला लावलं असं ती म्हणाली. आयोजकांनी ते साफ नाकारलं. खरं काय ते मी सांगू शकत नाही, पण मुलगी एवढ्या लांबून येऊन उगाच परत जात नाही.

भाषेचा मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य. तिला गप्प बसवलं हे चूकच.

दुबईचो_पात्रांव
२ जून, सकाळी ९.०५

आमच्या ऑफिसात फिलिपिनी मुली आहेत. अंतिम फेरीच्या दिवशी आठांच्या यादीत त्यांची मुलगी दिसली तेव्हा त्या रडत होत्या. आपल्याकडे नंदिनीचं नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं, हरल्यावर कळलं.

मांडवीतीर
२ जून, दुपारी ३.३०

गोव्याचा धागा आणि अजून रीटाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून ह्या म्हाताऱ्याने लिहावं.

१७ नोव्हेंबर १९६६. लंडनच्या लायसियममध्ये रीटा फारिया मिस वर्ल्ड झाली. आशियातली पहिली. जन्म मुंबईत माटुंग्याचा, आईवडील गोंयकार, शिक्षण चालू होतं जे.जे.च्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. मी तेव्हा म्हापशाला सातवीत होतो.

त्या दिवसांत आमच्या घरात काय वातावरण होतं ते आजच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही. जनमत कौल तोंडावर आला होता. गोवा महाराष्ट्रात जाणार की वेगळा राहणार? फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं. माझे बाबा फुलाचे, धाकटे काका दोन पानांचे. एका पंक्तीला जेवायला बसायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत, मीठ हवं असेल तरी आईमार्फत मागायचे. मराठी खरी की कोंकणी, ह्यावरून शेजारी शेजाऱ्याकडे हळदीकुंकवाला जाईना. डिसेंबरच्या ३ तारखेला मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि १६ जानेवारीला मतदान झालं. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या सगळ्या गदारोळात ही बातमी आली. काकांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. बाबा म्हणाले, "कुणाची पोर?" काका म्हणाले, "आमची." आणि बाबा कित्येक दिवसांनी थेट त्यांच्याशी बोलले: "आमचीच, मग!" मी ते दोघं पानावर बसलेले आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. आईने त्या दिवशी सोलकढी केली होती आणि ती दोनदा वाढली.

बातमीत एक गोष्ट होती ती मला फार आवडली होती. डॉक्टर का व्हायचंय असं तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की भारताला स्त्रीरोगतज्ज्ञांची गरज आहे. विचारणाऱ्याने टोकलं, पण भारतात मुलं तर आधीच फार जन्मतात. त्यावर तिने सांगितलं, तेच तर कमी करायचंय. तेवीस वर्षांची मुलगी, परका देश, समोर सगळे साहेब. हे उत्तर पाठ करून येत नाही. दवाखान्यात ओळीने बसलेल्या बाया पाहिल्याशिवाय ते सुचत नाही.

अबोलीबाई, तुमच्या मुलीला हे सांगा.

डॉक्टरमामी
२ जून, रात्री ८.१५

मांडवीतीरकाका, डोळे भरून आले.

मी ग्रँट मेडिकलचीच, रीटानंतर बऱ्याच वर्षांनी. तिथे तिची गोष्ट सीनियर मुली जुनियरना सांगतात. लंडनला गेली तेव्हा खिशात तीन पौंड आणि पेटीत उसने कपडे होते. पोहण्याचा पोशाख मॉडेल पर्सिस खंबाटाचा आणला होता, तो हिच्या उंचीला आखूड पडला, मग त्याच तीन पौंडांतून तिथे दुसरा घ्यावा लागला. आणि साडी नेसून ती मंचावर गेली.

पण खरी गोष्ट मुकुटानंतरची आहे. त्या वर्षी नाताळात अमेरिकी विनोदवीर बॉब होपबरोबर ती व्हिएतनामला अमेरिकी सैनिकांसमोर गेली, त्यावरून आपल्याकडे खूप टीका झाली. सिनेमावाले मागे लागले. वर्ष संपलं आणि ती परत पुस्तकांकडे वळली, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकली, डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी १९७१ मध्ये लग्न केलं, १९७३ पासून डब्लिनला. डॉक्टर म्हणून जगली. मला तर तिच्या मुकुटापेक्षा हे परत फिरणं मोठं वाटतं. एकदा दिव्यांच्या झोतात उभं राहिल्यावर पुन्हा विद्यार्थिनी म्हणून रात्रपाळी करायला वेगळंच धैर्य लागतं.

आमच्या कॉलेजची आणखी एक: पनवेलची अदिती गोवित्रीकर. एमबीबीएस झाली आणि २००१ मध्ये मिसेस वर्ल्ड. भारताची पहिलीच. २०१७ ला चीनमध्ये सान्या इथे मिस वर्ल्ड जिंकलेली मानुषी छिल्लर हीसुद्धा तेव्हा वैद्यकीय विद्यार्थिनी होती, मासिक पाळीच्या स्वच्छतेवर गावोगाव काम करत होती. (अवांतर: २०१० ची मिस अर्थ निकोल फारिया बेंगळुरूची. आडनावामुळे लोक रीटाशी तिचं नातं जुळवतात, परवा एका लग्नात मला कुणीतरी तसं ठासून सांगितलं.)

स्पष्टवक्ती, तुमचा मापांवरचा राग मला कळतो. उपाशी राहून चक्कर येऊन पडलेल्या मुली मी ओपीडीत तपासल्यात, आणि एकदा एका आईलाच बाहेर बोलावून बोलावं लागलं. म्हणून अबोली, एक अट घाला. ह्या मुलीने एक घास कमी करायचा नाही. खो-खोच्या मांड्या खो-खोच्याच राहू देत.

सुईदोरा
३ जून, सकाळी ११.४०

मी म्हापशाला शिवणकाम करते. ब्लाउज, फ्रॉक, फेस्ताचे गाऊन, चवथीचे परकर-पोलके, सगळं. स्पर्धेला जाणाऱ्या मुली माझ्याकडे येतात म्हणून लिहिते.

खर्चाला घाबरून मुली मागे फिरतात, भाषेइतकंच हेही खरं. कुणीतरी त्यांना सांगतं की मुंबईहून डिझायनर गाऊन आणल्याशिवाय उभंच राहता येत नाही. सुश्मिता सेनने १९९४ च्या मिस इंडियाला नेसलेला गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगरातून कापड घेऊन एका साध्या शिंप्याकडून शिवलेला होता, आणि हातमोजे नव्या पायमोज्यांचे कापून केलेले. ती स्वतः हे सांगते. त्याच वर्षी मे महिन्यात मनिलाला ती मिस युनिव्हर्स झाली. भारताची पहिली. मी ही गोष्ट माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला सांगते.

आपल्या मुलीने कुणबी साडी नेसावी असं माझं मत. गोव्याच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सने ती परत विणायला लावली, त्याआधी तांबड्या चौकड्यांची ती साडी आमच्या आज्यांच्या ट्रंकेतच उरली होती. गुडघ्याच्या खाली जरा, खांद्यावर गाठ, पायांना मोकळीक. ही साडी शेतात वाकून लावणी करायला नेसत. धावणाऱ्या मुलीच्या अंगावर ती जशी बसेल तशी झुळझुळीत गाऊनमध्ये चालायला शिकवलेल्या मुलीच्या अंगावर बसणार नाही. मात्र उंच टाचांची सवय हवी. रोज अर्धा तास, शेणाने सारवलेल्या अंगणात नको, फरशीवर.

स्पष्टवक्ती
३ जून, दुपारी १.१५

विरोध कायम आहे. पण रीटाचं ते उत्तर मला माहीत नव्हतं. काका, धन्यवाद.

अबोलीबाई, मुलीला स्वतःला जायचंय की तुम्हांला वाटतंय? हे प्रामाणिकपणे सांगा.

निकालवही
३ जून, दुपारी २.००

मराठी वाचकांना मधु सप्रे आठवत असेल. १९९२ ची मिस युनिव्हर्स, बँकॉक. नागपूरची, मैदानी खेळांतून आलेली. अंतिम तिघींत. प्रश्न आला, देशाची प्रमुख झालीस तर पहिल्यांदा काय करशील? ती म्हणाली, मुलांना खेळायला जागा नाही, मी मोठं क्रीडांगण बांधीन. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला, दुसरी कोलंबिया, तिसरी आपली मधु. त्या उत्तराने मुकुट गेला असं लोक तेहतीस वर्षं म्हणतायत. गरिबी म्हणायला हवं होतं, साक्षरता म्हणायला हवं होतं. वहीत मी तेव्हा तसंच लिहिलं होतं. आता ते पान उघडलं की मला ते उत्तर चुकीचं वाटत नाही. तिला खरोखर जे हवं होतं तेच ती बोलली. दोन वाक्यं अजून हवी होती, का हवंय ते सांगणारी. आणि ती दोन वाक्यं आपल्या भाषेत लगेच सुचतात, परक्या भाषेत शोधावी लागतात.

अबोली
४ जून, रात्री ९.३०

आज शाळा उघडली, म्हणून उशीर.

स्पष्टवक्ती, तुमचा प्रश्न मला लागला. खरं आहे, मला जास्त वाटतंय. म्हणून संध्याकाळी तिला फोन केला आणि सरळ विचारलं. ती म्हणाली, "बाई, मला चालायचं आहे. फक्त मुकी उभी राहायचं नाही." मग मी तिला हा सगळा धागा वाचून दाखवला. काकांच्या घरातली सोलकढी ऐकून हसली, आणि रीटाच्या तीन पौंडांपाशी गप्प झाली. घास कमी करायचा नाही ही अट तिच्या आईने फोन हातात घेऊन मंजूर केली.

ठरलंय असं. पुढच्या निवडफेरीच्या आधी मी आयोजकांना लेखी पत्र देणार: उत्तर मराठीत किंवा कोंकणीत द्यायची परवानगी द्यावी, इंग्रजीत सांगायला दुभाषी म्हणून मी शेजारी उभी राहीन, पैसे नकोत. नाही म्हणाले तर ते नाही लेखी मागणार. ज्यांना पत्राच्या मसुद्यात मदत करायची आहे त्यांनी इथेच लिहा. शिवाय तिचं इंग्रजीही चालू ठेवायचं, त्यात कमीपणा काहीच नाही, पण उत्तर आधी आपल्या भाषेत तयार झालं पाहिजे.

फोन ठेवण्याआधी मी तिला मधु सप्रेचा प्रश्न घातला. देशाची प्रमुख झालीस तर? तयारीला वेळ दिला नाही. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, मधले कोंकणी शब्द तेवढे बदलले:

"मैदान बांधायचं नाही, बाई. मैदान आहे. सराव साडेपाचला सुरू होतो आणि आमच्या वाड्याकडे जाणारी शेवटची बस सहाला सुटते. आमच्यातल्या चौघींनी म्हणून खेळ सोडला. मुलगे राहिले, कारण ते कुणाच्याही मोटरसायकलवर मागे बसून घरी जातात. मी देशातल्या प्रत्येक गावाची शेवटची बस रात्री आठला करीन. मग बघा, किती पोरी खेळतात ते."

मांडवीतीर
४ जून, रात्री ९.५०

पत्राचा मसुदा मी करतो. उद्या सकाळी इथे टाकतो.

सुईदोरा
५ जून, सकाळी ८.१०

बाई, मुलीला येत्या रविवारी म्हापशाला पाठवा. दुकान बंद असतं, निवांत माप घेता येईल. आणि येताना तिच्या आजीच्या ट्रंकेत जुनी कुणबी साडी आहे का ते बघायला सांगा.